तारेला आणायची गाडी

मु. उमरेड
(नागपूर नव्हे. का, ते ओघाने येईलच.)
दि. १२ मे १९७१

श्रीयुत दिवाकरराव यांस,

आपल्या मेहुण्याचा, म्हणजे गिरिधरचा, सप्रेम नमस्कार.

तुम्ही दोघे मजेत असाल अशी खात्री आहे. (दोघे लिहितो, पण मनात तीन मोजतो.) तारेच्या पायांवरची सूज उतरली का, दुपारची पडते का, की अजून स्टुलावर चढून फळीवरची बरणी काढते, हे कळवावे. माझी धाकटी बहीण असली तरी ती माझे कधीच ऐकत आलेली नाही; तुमचे ऐकत असेल तर ती युक्ती मलाही लिहा, माझ्या घरी उपयोगी पडेल. तुमच्या क्वार्टरच्या मागे अस्वल येते असे तिने लिहिले होते. ते पत्र आईला वाचून दाखवताना मी अस्वलाचा ससा केला. तेव्हापासून आई सगळ्यांना सांगते की जावयांच्या जंगलात ससे फार माजलेत. तेव्हा तिच्यासमोर अस्वलाचा विषय काढू नये.

आता मूळ मुद्दा. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. आईच्या लेखी ती रीत नसून कायदाच आहे. त्यात तुमच्या डॉक्टरांनी लिहिले की तारेने प्रवास केला तर चालेल, पण धक्का बसता कामा नये. आलापल्लीपासून तुमच्या वनखात्याच्या नाक्यापर्यंतचा रस्ता मी नकाशावर पाहिला आहे (मी भूगोल शिकवतो, हे आपण जाणताच), आणि तो नकाशावरसुद्धा तुटक रेघांनी काढलेला आहे. म्हणजे गाडी अशी हवी, की नाले, रेती, दगडधोंडे यांतून बिनदिक्कत जाईल आणि आत बसणाऱ्याला मात्र आपण दिवाणखान्यात लोडाला टेकलो आहोत असे वाटेल. शिवाय तिच्यात आई, सौ. चारुशीला, दत्तोपंतकाका, मी आणि डिंकाच्या लाडवांचे डबे मावले पाहिजेत, परतताना तारेला आडवे होता आले पाहिजे, आणि हे सगळे मृगाच्या आत उरकले पाहिजे, कारण पाऊस लागला की तुमचा रस्ता दिवाळीपर्यंत बंद. अशी गाडी जगात नसते, असे सौ. म्हणाली. तिच्या त्या बोलण्यामुळेच मी ती शोधायला निघालो.

काकांना तुम्ही लग्नात पाहिले आहे; वरात निघताना शिट्टी वाजवून हिरवा रुमाल हलवणारे ते हेच. रेल्वेत गार्ड होते. निवृत्त होऊन सात वर्षे झाली, पण शिट्टी वाजवल्याशिवाय ते भाजी आणायलाही निघत नाहीत. गाड्यांतले आपल्याला सगळे कळते असे त्यांचे म्हणणे आहे, आणि आयुष्यभर गाडीच्या शेवटच्या डब्यात बसलेल्या माणसाला इंजिनाबद्दल काय कळणार, असा चारुशीलेचा प्रश्न आहे. काकांनी सीताबर्डीवरून रामाजी नावाचा दलाल धरून आणला. रामाजी दलाल, ड्रायव्हर आणि मिस्त्री असा तिहेरी माणूस असून त्याला नाही हा शब्द येत नाही. गाडी नाल्यातून जाईल का, तर जाते ना मास्तर. धक्के बसतील का, तर बसत नाहीत ना मास्तर. आमची मांजर चालवील का असे विचारले असते, तरी त्याने मांजरीचे लायसन काढून दिले असते.

पहिली गाडी पाहिली ती मिलिटरीतून मोडीत काढलेली जीप. तेव्हा आईने स्वतःची परीक्षा जाहीर केली. तारा जिथे बसेल तिथे मी बसते, मांडीवर काठोकाठ भरलेली सुरई घेते, पाणी सांडले तर गाडी नापास. इतकी सोपी आणि शास्त्रीय परीक्षा मला सुचली नाही याचे वाईट वाटले. पण आईचे नऊवारी आणि जीपची पायरी यांचे जमेना. शेवटी समोरच्या पानठेल्यावरचे स्टूल आणले, काकांनी शिट्टी दिली आणि आई वर गेली. रामाजीने गाडी सोडली ती रस्त्यावरून नव्हे, मोकळ्या मैदानातून, म्हणजे गुण नीट दिसावेत. दिसले. परत आली तेव्हा आईच्या हातात सुरईची फक्त मान होती, आणि पाणी म्हणाल तर रामाजीच्या पाठीवर होते. आईने स्टूल मागितले, खाली उतरली आणि रामाजीला विचारले, "लढाईवर गेलेल्यांतले परत किती आले रे यातून?" तो विषय तिथेच मिटला.

मग उमरेडकडच्या एका खेड्यातल्या भैय्याजी मालगुजारांची स्टेशन वॅगन निघाली. मालगुजारी जाऊन वीस वर्षे झाली, पण भैय्याजींच्या मिशा आणि ही गाडी अजून कोणी त्यांना सांगितले नसल्यासारख्या उभ्या आहेत. काय गाडी, दिवाकरराव! मखमली बैठक, खिडक्यांना झालरीचे पडदे, पंखा खोचायला कडी, आणि मागच्या बैठकीशेजारी स्क्रूने बसवलेली पितळी पिकदाणी. वाघाच्या शिकारीला जाणाऱ्या साहेबलोकांसाठी मुद्दाम बनवून घेतली होती म्हणे. या गाडीने गेल्या अकरा वर्षांत एकदाही दगा दिला नाही, हे भैय्याजींनी छातीवर हात ठेवून सांगितले. (ते अक्षरशः खरे होते. अकरा वर्षांत ती गोठ्याबाहेर निघालीच नव्हती. हे आम्हाला नंतर, पुढच्या बैठकीखाली अंडी सापडली तेव्हा कळले.) इंजिन जरा गार आहे, तेव्हा सडकेपर्यंत बैल लावून नेऊ, असे रामाजी म्हणाला. आई नवी सुरई घेऊन मखमलीवर बसली. भैय्याजींची खिल्लारी जोडी जुंपली आणि गोठ्यापासून सडकेपर्यंत, खाचखळग्यांतून, एका नाल्यासकट, गाडी अशी गेली की सुरईतला एक थेंब हलला नाही. काकांनी हिरवा रुमाल काढला. मी स्प्रिंगांची तारीफ केली. भैय्याजींनी पानाचा डबा पुढे केला आणि इंजिन सुरू व्हायच्या आत सौदा झालाही. आई एवढेच म्हणाली, "बैल गुणाचे आहेत." आम्हाला वाटले, ती भैय्याजींच्या घरादाराचे कौतुक करते आहे.

गाडी नागपूरला आली. (रामाजी चालवत आणतो म्हणाला होता, तो गाडीबरोबर आला हे खरे, पुढे ट्रक होता.) तिथे आठवडाभर हातोड्यांचा आवाज झाला आणि एका संध्याकाळी ती खरोखर सुरू झाली. गल्लीतली सगळी माणसे बघायला आली. मला तेव्हा जे वाटले ते सांगायला मी लाजणार नाही: आपल्या बहिणीला आपण राणीसारखी घरी आणणार! पण मे महिन्याच्या उन्हात मखमलीवर बसणे म्हणजे तव्यावर बसणे, हे चारुशीलेने दाखवून दिले. यावर काकांनी तोड काढली. घरात कूलर काय करतो? वारा ओल्या वाळ्यातून येतो आणि गार होतो. मग गाडी तर स्वतःच वारा खात पळते. बाजूच्या खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावा, आणि मुख्य वारा समोरून येतो म्हणून सगळ्यांत मोठी ताटी लावा गाडीच्या नाकावर, इंजिनाच्या जाळीसमोर. रामाजीला विचारले. चालते ना मास्तर, म्हणाला.

काल पहाटे निघालो. शिट्टी झाली, नारळ फुटला, ताट्यांवर बादलीभर पाणी मारले आणि सगळी गाडी वाळ्याच्या वासाने भरून गेली. खोटे कशाला सांगू, पहिले दहा मैल मी इतका सुखी होतो की समोरून येणाऱ्या एस.टी.तल्या लोकांची मला कीव आली. मग पुढून पांढरे धुके येऊ लागले. काका खूश झाले; म्हणाले, बघ, मे महिन्यात धुके पाडले की नाही? आणि त्यांनी ताटीवर आणखी पाणी मारायला लावले. धुके वाढले. त्यातून खदखद असा आवाज येऊ लागला. रामाजी म्हणाला, काही नाही, गाडी खूश आहे. त्यानंतर जो आवाज झाला तो ऐकून शेतातला एक माणूस झाडावर चढला. सगळे खाली उतरून इंजिनाभोवती उभे राहिलो. काकांनी पाण्याचा दोष सांगितला, रामाजीने उन्हाचा, मी उतारांचा. आई मागून आली, नाकावरची ती ताटी उचलून बाजूला ठेवली आणि म्हणाली, "याच्या तोंडावर ओला पदर दाबून तुम्ही त्याला पळवून राहिले. जीव घुसमटणार नाही तर काय?"

एका कोळशाच्या ट्रकने आम्हाला ओढत उमरेडला आणले. रात्र धर्मशाळेत काढली. रामाजी इंजिनाचे सामान आणायला नागपूरला गेला आहे. सकाळच्या बसने येतो म्हणाला होता, आणि त्याने कशालाच नाही म्हटलेले नसल्यामुळे तो येईल की नाही हे सांगता येत नाही. मात्र आपण काळजी करू नये. असली गाडी लाखात एक असते. दोन दिवसांत, फार तर चार, आम्ही तुमच्या दारात उभे राहू. तारेला तयार ठेवावे.

आपला,
गिरिधर

ता. क. — तुमच्या वनखात्यात अशा गाडीचे कोणी गिऱ्हाईक असेल तर हळूच पाहून ठेवावे. बैलजोडी ज्याच्या घरची असेल त्याला प्राधान्य द्यावे. काकांना कळू देऊ नये.

दुसरा ता. क. — हे पत्र पोस्टाने न येता तुमच्या हातात कसे पडले, असा प्रश्न पडला असेल. पडला नसेल, कारण पत्र देणारी समोर उभी आहे. मी धर्मशाळेच्या ओट्यावर लिहीत बसलो होतो तेवढ्यात आईने गडचिरोलीच्या एस.टी.चे तिकीट काढले, पुढे आलापल्लीची बस कधी मिळते ते कंडक्टरला विचारून घेतले आणि लाडवांचे डबे टपावर चढवले. मी धावत गेलो. म्हटले, बाळंतपण माहेरी करायचे होते ना? म्हणाली, मी जाऊन राहिली म्हणजे माहेर जाऊनच राहिलं. म्हटले, अगं, ही लाल गाडी, तो रस्ता, तुझे गुडघे. दिवसभर धक्के बसतील. तर खिडकीतून माझ्याकडे अशी पाहायला लागली की जणू मी पुन्हा तिसरीत आहे आणि पाढा चुकलो आहे. "धक्के मला बसतील ना रे. तारेला तर नाही बसणार." दिवाकरराव, दोन महिने मी गाड्या पाहत होतो आणि हा एवढा विचार माझ्या डोक्यात आला नाही. मला रडू आले, ते मी उन्हावर ढकलले. चारुशीला तेवढ्यात दुसऱ्या पिशवीसकट आईशेजारी जाऊन बसली आहे. तिनेही माझ्याकडे पाहिले, पण ते लिहीत नाही. थकले नाही, असे आई म्हणेल. विश्वास ठेवू नका, गुडघ्यांना तेल लावायला सांगा.

तिसरा ता. क. — ड्रायव्हर चढला आहे, म्हणून थोडक्यात. मुलगा होवो की मुलगी, तार ताबडतोब करा. ती नागपूरला करू नका. गिरिधर, एस.टी. स्टँडसमोरची धर्मशाळा, उमरेड, एवढा पत्ता पुरे. काका आणि मी तोपर्यंत इथेच असू.