अक्काच्या गाडीवरचे डाग

२० एप्रिल २०१९
दाजींची गाडी पंधरा दिवसांपासून माझ्याकडे. दाजी दिवाळीत गेले, तेव्हापासून ती बीडला अक्काच्या दारात उभीच होती. अक्का म्हणाली, आप्पा, उभी राहून खराब होईल, तू चालव. सोळा मेला पोरीचा साखरपुडा वडवणीत आहे, तेव्हा घेऊन ये. बाप नाही, निदान बापाची गाडी तरी मांडवापुढं दिसू दे.
जबाबदारी मोठी आहे. अक्कानं माणूस बरोबर निवडला.

२४ एप्रिल
काळ्या रंगावर धूळ लगेच दिसते. दूध संस्थेच्या सेक्रेटरीनं मळक्या गाडीतून चारा छावणीवर उतरणं बरं नाही. संस्थेच्या छावणीत चारशे जनावरं आहेत, त्यांच्यामागं तेवढीच माणसं. सगळी मला उठून नमस्कार करतात. हा मान टिकवला पाहिजे. म्हणून दिवसाआड छावणीच्या बोअरवर गाडी धुतो. पाइप फक्त दहा मिनिटं. दुष्काळाची पूर्ण जाणीव आहे.

३० एप्रिल
गाडीभर पांढरे ठिपके. बोअरचं पाणी जड, उन्हात वाळलं की क्षार मागं राहतात. कापडानं पुसले, गेले नाहीत. लिंबू चोळलं, नाहीत. रॉकेल, नाहीत. आता गाडी धुळीच्या गाडीपेक्षा वाईट दिसते, शिवाय कशानं धुतली ते कुणालाही कळतं.
भिवराबाई नावाची बाई दोन म्हशी घेऊन छावणीत राहते. गाडीकडं बघून म्हणाली, "गाडीला बी लई पानी लागतं म्हना की." मी हसलो. बाई थट्टेखोर आहे. आपुलकी असल्याशिवाय कुणी थट्टा करत नाही.
संकल्प: उद्यापासून गाडी धुणं बंद.

२ मे
धुतली. ठिपके ओले असताना दिसत नाहीत.

६ मे
बीडच्या एका पॉलिशवाल्याला फोन केला. म्हणाला, मशीननं निघतील, पण सावलीत करा, स्पीड कमी ठेवा, कडांना टेप लावा, एका जागी मशीन धरू नका. नाहीतर गाडी माझ्याकडंच घेऊन या. धंद्याचा माणूस, भीती घालणारच. मी रात्री चार व्हिडिओ पाहिले. विषय समजला.

९ मे
पाटोद्याच्या वेल्डिंगवाल्याकडून ग्राइंडर आणला. पुढं लोकरीचं पॅड बसवलं. स्पीड एकच आहे, पण हात माझा आहे.

११ मे, सकाळी ९
मागच्या दाराखाली हातभर जागा करून पाहिली. ठिपके गेले. आरशासारखं. दाजी असते तर पाठ थोपटली असती. बाकी गाडी आजच उरकतो.

११ मे, संध्याकाळ
लाइट नव्हती. छावणीच्या जनरेटरवर एकतर बोअरची मोटर चालते, नाहीतर दुसरं काही. मोटरची वायर काढून ग्राइंडरची लावली. अर्ध्या तासाचं काम होतं.
दोन तास गेले. सावली नव्हती. बॉनेट तापून पत्र्याची चूल झाली, पॉलिश लावलं की जागेवर वाळायचं. एक ठिपका जाईना म्हणून तिथंच मशीन धरून ठेवलं. वास आला. उचलून बघतो तर बॉनेटच्या कडेला वीतभर काळा रंगच नाही. खाली राखाडी.
तेवढ्यात हौदावर म्हशी हंबरायला लागल्या. हौद कोरडा होता. शहादेव नावाचा म्हातारा लांबून विचारत होता, सायेब, मोटर बिघडली का? मी हं म्हणालो. खोटं बोलायचं नव्हतं. तोंडातून हं निघालं.
मग भिवराबाई आली. म्हणाली, उन्हात आमच्यासाठी राबायलात, खाऊन घ्या. अर्धी भाकर आणि ठेचा. मी खाल्ली. मग वायर बदलून पाणी सोडलं.
लोकांचा जीव आहे माझ्यावर. हे लिहायला बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

१३ मे
राखाडी जागेवर काळा बूट पॉलिश. लांबून कळत नाही. बीडला नेऊन रंग मारून घ्यायला वेळ नाही, छावणीची तपासणी आहे. तपासणी एकवीसला आहे, पण तयारी लागते.

१६ मे
वडवणी. उन्हानं बूट पॉलिश वितळून हेडलाइटवर ओघळलं. गाडी मांडवापुढं लावायच्या आधीच अक्का बाहेर आली. तिनं बॉनेटवरून हात फिरवला. हात काळा झाला. दाजी गाडी पुसताना असाच हात फिरवायचे.
मुलाच्या मामांनी विचारलं, हे काय झालं? मी सांगायला तोंड उघडलं. अक्काच बोलली, "आमच्या ह्यांच्या वेळचंच हाय ते. त्येंनी एकदा घासली व्हती."
मेलेल्या माणसावर ढकललं तिनं. पदराला हात पुसला आणि आत गेली. जेवताना मला आग्रह करून पुरणपोळी वाढली. मी निघताना फक्त म्हणाली, चावी दे. येताना मी एसटीनं आलो.

१८ मे
काल दिवसभर ठरवलं, आज सांगून टाकलं. छावणीत गेल्या गेल्या भिवराबाईंना गाठलं. म्हणालो, त्या दिवशी मोटर बिघडली नव्हती, मी गाडी घासत होतो. मला वाटलं त्यांना धक्का बसेल, मग त्या माफ करतील. वाक्यंही तयार होती.
त्या म्हणाल्या, "ठावं हाय की. समद्यांनी बघितलं. गाडी काय लपती व्हय?"
मग भाकर का दिली?
त्यांनी आधी इकडंतिकडं पाहिलं. "चारा तुमच्या हातात हाय, सायेब. मोटर बंद केली म्हनून कुनी बोललं आन् तुमी रागावलात, तर? म्हन्लं, जरा पोटात घास गेला तर पानी लौकर सोडतील."
एवढं बोलून त्या चाऱ्याच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. जाताना नमस्कार केला, रोज करतात तसाच.
मी रजिस्टर उघडून बसलो. त्यांचा नंबर आला तेव्हा त्यांनी अंगठा उठवला आणि पेंढ्या उचलल्या. मला मान वर करता आली नाही.