बायनाबाईच्या मांडीवर

६ जानेवारी १९८५
आले एकदाची. वरोऱ्याहून चामोर्शी एसटीनं, पुढं धानाच्या ट्रॅक्टरवर मी, कांता आणि ट्रंका. उपकेंद्राची खोली झकास आहे, अंगणात दिवसभर ऊन. आधीची नर्स टिकली नाही म्हणतात, मी टिकणार. कांताचे बाबा गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात, दर रविवारी येतील. भावानं दिलेला डब्बा कॅमेरा सोबत आणलाय. गावात माझ्या सुईपेक्षा त्याचीच चौकशी जास्त. कांताला तर सारखं फोटोत यायचं असतं. पोर सहा वर्षांची, मिजास नटीची.

१८ जानेवारी
सकाळी शेजारची म्हातारी बायनाबाई गेली. तिचा मुलगा देवराव दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, मायचा एकबी फोटू नाई बाई, नेल्यावर मी कोनाले पाहू? नाही कसं म्हणणार? घरात उजेड नव्हता, म्हणून आमची वेताची खुर्ची नेऊन तिला अंगणात बसवलं. पदर सारखा केला, हात मांडीवर जुळवले, खटका दाबला. तिला नातवंडाची फार हौस होती, पण घरात पाळणा हललाच नाही, हे सांगताना देवराव रडला. मीही रडले.
दुपारी खुर्ची परत आली, फिनाईलनं धुतली. कांता लगेच चढून बसली, माझाही काढ म्हणून. तेवढंच मन हलकं होईल म्हणून काढला.

२७ जानेवारी
चंद्रपूरहून रोल धुवून आला. पाहिलं आणि आधी हसूच आलं. दोन फोटोंच्या मध्ये चावी फिरवून फिल्म पुढं सरकवायची असते, तीच विसरले. त्या दिवशी चित्त कुठं थाऱ्यावर होतं? एकाच फोटोत दोघी आल्या. कांता बायनाबाईच्या मांडीवर, मी जुळवलेले म्हातारीचे हात नेमके कांताच्या पोटावर. दोघींच्या आरपार मागची भिंत दिसते. देवरावाला कोणत्या तोंडानं देऊ हे?

३१ जानेवारी
कांता त्या खुर्चीवरून उठत नाही. जेवायला हाक मारली तर म्हणाली, आजी सोडून नाई राह्यली. रागावून उचलायला गेले तर उचलवेना. पुन्हा ओढली तेव्हा सुटली. पोटाला हात लावला, बर्फासारखं गार.
आमच्या घरातून देव-भुतं छप्पन सालच्या दीक्षेबरोबरच गेली. मी नर्स आहे. अशक्तपणा असेल.

५ फेब्रुवारी
खुर्ची घरामागं टाकून आले, तर पोर अंगणात नुसत्या हवेत टेकून बसली. मग निगेटिव्हला काडी लावली. कडा वळली आणि आत कांता किंचाळली. हातानं विझवली. तिच्या टाचेवर फोड आलाय.
देवरावाला सगळं सांगितलं. त्यानं खुर्चीपुढं हात जोडले, माय, सोड व लेकराले, ते आपलं नाई. मग माझ्याकडं पाहायची त्याची हिंमत झाली नाही.

८ फेब्रुवारी
कांताचा हात उन्हात धरला. हातातून वेताची वीण दिसते. डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं— नाडी सापडते, हरवते. मी काय करू? माझी एकच आहे.

१० फेब्रुवारी
ठरलं. फोटोवर फोटो पडला की वरून जी येते ती म्हातारीच्या मांडीवर जाते. मग कांताच्या जागी मी जाते. हे आलेत. आधी खुर्चीत कांता, मग चावी न फिरवता त्याच खुर्चीत मी. त्यांना रडू आवरत नाही. म्हटलं, तुम्ही फक्त खटका दाबा.

दुपार
काढला. कांता आपण होऊन उठली— भात मागितला, दोनदा घेतला. तिची सावली पडली अंगणात, चांगली काळी. माझं लेकरू सुटलं—

वही मांडीवर आहे. मांडीतून खुर्चीचा वेत— पोटावर गार हात—

हे मला हाका मारत घरभर फिरताहेत. मी त्यांच्या समोर आहे. ओ देते, ऐकू जात नाही—

कांताला दिसते मी. बाबांना सांगितलं तिनं, आई आजीच्या मांडीवर बसून हाय—

हसत येतेय इकडं. मले बी घे म्हणते— नको कांता, मागं हो— अहो, धरा तिला, ती माझ्या मांडी