जिन्यातलं ‘व्हय’

अप्पा, परवा एका डॉक्टरीणबाईंनी रुग्णांसाठीची पुस्तिका माझ्याकडे टाईप करायला दिली आणि पहिल्याच पानावर तुमच्या दुखण्याचं नाव निघालं. मल्टिपल स्क्लेरोसिस. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी बोटं थबकली. पुढे लिहिलं होतं की या आजारात मेंदूतल्या तंतूंवरचं आवरण जागोजागी खराब होतं, एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाला उशिरा पोचतो आणि माणसाचा विचाराचा वेग मंदावतो. समज मात्र पुष्कळदा शाबूत असते. हे शेवटचं वाक्य मी तीनदा तपासलं. चूक एकही नव्हती.

तुमची ती परीक्षा आठवते? मोठ्या दवाखान्यात एका पोरगेल्या डॉक्टरनं तुमच्यापुढे कागद ठेवला होता. वर नऊ चिन्हं, प्रत्येकाखाली एक आकडा; खाली नुसत्या चिन्हांच्या रांगा, त्यांचे आकडे दीड मिनिटात सांगायचे. तुम्ही वरची ओळच बघत बसलात. मी मागून “अप्पा, बोला की” म्हणून टोचत होते. वेळ संपली तेव्हा जेमतेम चार आकडे झाले होते. डॉक्टरनं विचारलं तसं तुम्ही सावकाश म्हणालात, “आधी घरं पाठ करतोय न्हवं. त्याबिगर जुळणीला हात कोण घालतंय?” त्याला काही कळलं नाही. मला कळलं. छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे ज्या लाकडी खणांत असायचे त्यांना तुम्ही घरं म्हणायचात, आणि दुखण्याआधी जयंतीच्या मिरवणुकीचं अख्खं पत्रक खणांकडे न बघता, गप्पा मारत जुळवायचात. हे त्या डॉक्टरला मी सांगायला हवं होतं. पण मला तुमची लाज वाटत होती.

आता मात्र कुतूहल स्वस्थ बसू देत नाही. त्या गप्प वेळात आत काय चालायचं हो? चहा हवा का विचारलं तर चहा निवल्यावर उत्तर यायचं. प्रश्नच उशिरा पोचायचा, की उत्तर तयार असून वाटेत अडकायचं? पुस्तिकेत आहे की काहींच्या मेंदूत काही भागांची आपसांतली जोड उलट वाढलेली दिसते; ती सावरायची धडपड की बिघाडाचीच खूण, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही तुमच्यापुरतं सांगितलं असतंत. फक्त थांबावं लागलं असतं, आणि ते आपल्या घरात कुणाला जमलं! आई तुमचं वाक्य पुरं करायची, दादा विषय बदलायचा, आणि मी तर तुमची वकीलच होते.

लक्ष्मीपुरीतल्या छापखान्यात कॉम्प्युटर यायचा होता. बारावी होऊन मी घरीच होते, तुम्हाला जिना चढवायला रोज यायचे. मालकांनी तुम्हाला समोर बसवून विचारलं, “काय वो, शिकणार काय ह्यावर? तीस वर्सं खिळं जुळवल्यात तुम्ही, पयला हक्क तुमचा हाय.” तुम्ही त्यांच्याकडे बघत राहिलात. मालक घड्याळाकडे बघायला लागले. मला ते सहन होईना. मी म्हणाले, “न्हाय जमायचं त्यास्नी. मी शिकते की.” मालकांना हायसं वाटलं, आणि ती खुर्ची मला मिळाली. आजही त्याच विद्येवर माझं पोट आहे.

आपण जिना उतरतोय. मधल्या पायरीवर तुम्ही थांबता, काठी भिंतीला टेकवता आणि एकदम स्पष्ट म्हणता, “व्हय. शिकतो की.” मी म्हणते, “पायरी बघा, अप्पा.”

घरी गेल्यावर तुम्ही आईला म्हणालात, “पोरीला ऐकाय आलं न्हाय.” पुन्हा तुम्ही तो विषय काढला नाहीत.

हे पत्र कुठं टाकणार? पुस्तिकेच्या फाईलशेजारी राहील. पण अप्पा, मला ऐकू आलं होतं. मालक अजून वरच होते, आणि परत वर जायला सातच पायऱ्या होत्या.