घाटात बंद पडलेली मामांची जीप

अमरावती

तीर्थस्वरूप खुशालमामा, शिरसाष्टांग नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. तुमचं बीपी उतरलं असेल, असं समजून लिहिते. (उतरलं नसेल तर पत्र आधी गोदामामीने वाचावं.)

परवा टीव्हीवर ‘चाकोरीबाहेर’ संपल्यावर तुम्ही फोनवर जे बोललात, त्यातलं निम्मं बाबांनी मला ऐकू दिलं नाही. तुमचा राग रास्तच आहे. आपण दोघं हा कार्यक्रम पहिल्या भागापासून पाहतो. तेव्हा तो सूत्रसंचालक गाडीखाली सरपटत जायचा, तोंडाला ग्रीस लावून बाहेर यायचा आणि कंपनीचा जावई असल्यासारखं गोड न बोलता गाडीचे दोष सांगायचा. आता त्याने दाढी कोरली आहे. तुमची जीप मेळघाटात चालवून दाखवतो म्हणाला आणि अठ्ठावीस मिनिटांत (मी घड्याळ लावून पाहिलं) अकरा मिनिटं आकाशातून झाडं दाखवली, सहा मिनिटं सेमाडोहला चहा प्यायला आणि त्या चहात त्याला बालपण सापडलं. गिअर, ब्रेक, सस्पेन्शन यांवर अवाक्षर नाही. मायलेज विचारलं तर म्हणे, “ही गाडी नाही, भावना आहे.” बाबा म्हणाले, “भावना किती देते लिटरले?” आई म्हणाली, “हा गाडी दाखवून राहिला का गॉगल?” तिकडे बाळापुरात तुम्ही अर्धी गल्ली घरात बसवली होती आणि मामी दर पाच मिनिटांनी फोन करत होती, “अवो, आपली जीप कवा येते?”

आली, ती बंद पडलेलीच आली. उरलेला जवळजवळ सगळा भाग चौघांनी तिला ढकलण्यात गेला, मागे रडकी बासरी. (ढकलणाऱ्यांत तोंडाला स्कार्फ बांधलेली ती मुलगी तर ढकलते आहे की गाडीला टेकून रडते आहे, तेच कळेना.) तुम्ही गरजलात, “तीस वर्सांत माह्या जीपले ढकलाले कोणाचा हात नाही लागला! नाटक करून राहिले साले!” आता गल्लीतली पोरं तिला ढकलगाडी म्हणतात, हे मामीने सांगितलं. मला फार लागलं. जीप कार्यक्रमात देण्याचा फॉर्म मीच भरला होता, आणि गाडी चालवायलाही तुम्हीच मला त्याच जीपवर शिकवलंत.

भाग टुकार होता, यावर मी कुठेही सही करीन. नाटक होतं की नव्हतं, यावर मात्र मी काही म्हणत नाही.

मामीला नमस्कार.

तुमची भाची,
अपेक्षा

ता.क. तुम्ही चॅनेलवर फसवणुकीची तक्रार करणार आणि साक्षीदार म्हणून माझं नाव घालणार, असं बाबा म्हणाले. मामा, कृपा करून ते पत्र टाकू नका. टाकलंच तर माझं नाव खोडा.

ता.क. दुसरा. चोरीच्या भीतीने तुम्ही टाकीखाली पेट्रोलची तोटी बसवली आणि मला शिकवलंत, “उतरलं का तोटी बंद. बाप जरी गाडीत बसून असला तरी.” शूटिंगला जीप घेऊन मीच गेले होते. सेमाडोहला सगळे चहाला उतरले. मी बंद केली. मग तो सूत्रसंचालक एकटाच जीप घेऊन निघाला आणि नळीतलं पेट्रोल संपताच दुसऱ्या वळणावर थांबला. आम्ही मागून पोचलो. त्याला सांगायला तोंड उघडलं, तर समोर कॅमेरा. म्हणून स्कार्फ बांधला आणि ढकलायला लागले. नंतर चप्पल निघाल्याचं सोंग करून वाकले आणि तोटी उघडली. जीप चालू झाल्यावर तो बॉनेट थोपटून म्हणाला, “जुन्या गाड्या प्रेमाने चालतात.” हे वाक्य त्यांनी दोनदा दाखवलं. तेवढ्यापुरता तरी त्याच्यावर राग धरा.

ता.क. तिसरा. जीप आमच्या दारात उभी आहे, रविवारी न्यायला या. रागावायचं असेल तर घरात या, बाहेर शेजारी आहेत. आणि निघताना आधी खाली वाका. तोटी बंद आहे. आत्ता पुन्हा पाहून आले.