नमुना सातवा : घर

२ ऑक्टोबर १९८८, रविवार
पोचले एकदाची लखनौला! चारबागला गाडी थांबली तेव्हा शैलाआत्या डबा घेऊन फलाटावर उभीच होती. हमालाने ट्रंक उचलायच्या आत तिने मला थालीपीठ भरवलं. इंदिरानगरातलं घर लहान आहे, पण खिडकीजवळची खाट माझ्यासाठी मोकळी केली आहे. आत्याचे यजमान, उल्हासमामा, म्हणाले की मीनाक्षी आता कम्प्यूटरवाली मॅडम झाली, तिच्याशी जरा अदबीने बोलायला हवं. आत्या मात्र मला ‘बेबी’च म्हणते. हे नाव ऑफिसातल्या कुणापुढे घ्यायचं नाही, असं मी तिला बजावलं आहे.

४ ऑक्टोबर
संस्था नवी आहे, कम्प्यूटर शिकवणारी. एकच वातानुकूलित खोली. चपला दाराबाहेर काढूनच आत जायचं. शिपाई दीनानाथ म्हणाला, बहनजी, ये मशीन नई बहू है, दिनभर घूँघट में रहती है, धूल देखी कि रूठी. खरंच, मशीनवर झालर लावलेलं कापड आहे!

माझं काम असं : अभ्यासाच्या पुस्तकातला प्रत्येक नमुना-प्रोग्राम चालवून पाहायचा आणि चालला तर त्यापुढे खूण करायची. शुक्रवारी, चौदा तारखेला उद्घाटन आहे. संस्थेचे प्रमुख सक्सेनासर, त्यांनी स्पष्ट सांगितलं की पाहुण्यांसमोर एक जरी नमुना अडला तर त्यांचं नाक कापलं जाईल आणि माझी नोकरी जाईल.

दाराबाहेर निळ्या पट्ट्यांच्या बायकी चपला पडलेल्या असतात. माझ्याआधी इथे गीता नावाची मुलगी होती, तिच्या. मध्येच यायची बंद झाली. दीनानाथ त्या झाडून परत तिथेच ठेवतो. म्हणतो, आएगी तो पहन लेगी.

५ ऑक्टोबर
पहिले सहा नमुने चालले. सातवा अडला. तो पडद्यावर घर काढतो : भिंती, छप्पर, दार, खिडकी. पण प्रोग्रामला स्वतःला रेघही मारता येत नाही. चित्रं काढायच्या तयार सूचनांची एक लायब्ररी असते, ती शेजारी नसली तर साधा ठिपका उमटत नाही. लायब्ररी सापडत नाही, एवढंच मशीन सांगत राहिलं.

शेवटी गीताच्या खणात तिची फ्लॉपी मिळाली. त्यातली लायब्ररी उतरवून घेतली. मग ती लायब्ररीच आणखी एक फाइल मागू लागली, अक्षरांच्या आकारांची. ती कुठेच नाही.

तेव्हा बाबा आठवले. चौथीपर्यंत मी घरीच शिकले, त्यांच्यापाशी. उत्तर येत नसलं तर प्रश्न गाळायचा नाही, त्याचा क्रमांक लिहायचा आणि पुढे जागा मोकळी सोडायची, ही त्यांची शिस्त. मी तसंच केलं. मागितलेल्या नावाची एक रिकामी फाइल तयार केली. आत काही नाही, शून्य बाइट. आणि घर उमटलं!

ही युक्ती कागदावर नीट लिहून मशीनशेजारी चिकटवली. मागून येणाऱ्या माणसाला त्रास नको. सर खूश झाले.

७ ऑक्टोबर
घराच्या खिडकीत कुणीतरी पाठमोरं बसलं आहे. लांब वेणी. मी प्रोग्राम ओळीओळीने तपासला. खिडकी काढायची सूचना आहे, आतल्या माणसाची नाही. म्हणजे हे लायब्ररीतूनच येत असणार.

आज लायब्ररीने पुन्हा एक फाइल मागितली. नाव : दीनानाथ. फाइलच्या नावाला आठच रोमन अक्षरं चालतात, त्यांत नेमकं बसलेलं. गीताला चेष्टेची सवय असावी. मी दीनानाथला सांगितलं, तर तो हसत सुटला. अच्छा, मशीन में भी हमारी ड्यूटी लग गई? पगार अलग मिलेगा ना?

रिकामी फाइल केली. सातवा चालला. खूण केली.

१० ऑक्टोबर, सोमवार
दीनानाथ आला नाही. पण टायरच्या तळव्याच्या त्याच्या चपला दाराबाहेर आहेत, गीताच्या चपलांना लागून. चौकीदाराने शनिवारी त्याला खोलीत जाताना पाहिलं, बाहेर येताना नाही. सर म्हणाले, गाव गया होगा, ये लोग ऐसे ही हैं. गावाला कुणी अनवाणी जातं का?

सातवा चालवला. घराच्या दाराशी आता स्टुलावर एक माणूस आहे. त्याचा डावा खांदा जरासा पडलेला.

दीनानाथचाही असाच आहे.

त्याची फाइल पाहिली. रिकामी नाही. भरली आहे. मी त्यात काहीच लिहिलं नव्हतं.

११ ऑक्टोबर
फाइल पुसली. जेवणाच्या सुट्टीनंतर पाहिलं तर परत जागेवर. पुन्हा पुसली, पुन्हा आली. गीताची फ्लॉपी तपासली. तिच्यावर गीताच्याही नावाची फाइल आहे, तीही भरलेली. आधी मी ती तिची खाजगी समजून उघडली नव्हती.

ही युक्ती नव्हती. मी जागा करून दिली. नाव लिहून.

१२ ऑक्टोबर
सातवा अडला. नवी फाइल मागतो.

बेबी.

हे नाव इथे कुणालाही माहीत नाही. कुणालाही —

१३ ऑक्टोबर
केली नाही. करणार नाही. सरांना सगळं सांगितलं. हसले. म्हणाले, मीनाक्षीजी, नींद पूरी कीजिए. एक खाली फाइल ही तो बनानी है, आप ही ने तो सिखाया. नहीं बनाएँगी तो मैं बना लूँगा.

भिंतीवरचा कागद फाडला. उपयोग काय, त्यांना पाठ झाला आहे.

आत्याने तार करून बाबांना बोलवते म्हटलं. मी नको म्हटलं. बाबांचं नाव त्या खोलीच्या आसपासही —

१४ ऑक्टोबर, सकाळ
सगळ्यांच्या आधी आले. गीताची लायब्ररीच पुसायची. मग सातवा कधीच चालणार नाही. नोकरी गेली तर जाऊ दे.

चपला काढलेल्या नाहीत. पट्टे घट्ट बांधून तशीच आत आले. बाहेर दोनच जोड आहेत, तिसरा माझ्या पायात. हे इथे लिहून ठेवते.

मशीन आधीच सुरू आहे. म्हणजे सर काल, मी गेल्यावर —

घर उमटतं आहे. भिंती. छप्पर. खिडकीतली वेणी हलली —

दीनानाथ स्टुलावरून उठून जागा करून देतो आहे. कुणासाठी —

पुसायला किती वेळ — बोट उठत नाही —

पायाखाली फरशी गार लागते आहे. गार. म्हणजे माझ्या चपला —