पुरे कोणाला म्हणू

तीर्थरूप आईस लांबूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. अंगानेही चांगला भरलोय, तेव्हा आबाळ होते का, हे विचारू नकोस.

परवा लठ्ठ माणसांच्या मेंदूची तपासणी होती, मीही गेलो. यंत्रात झोपवून जेवणाचे फोटो दाखवले. नको वाटलं की बटण दाबायचं होतं. मी दाबलंच नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या मेंदूतला भुकेचा भाग आणि 'आता बास' म्हणणारा भाग एकमेकांशी बोलतच नाहीत."

बोलणार कसे? घरी तू वाढायला वाकलीस की मी ताटावर आडवा हात धरायचो. इथे मीच वाढतो, मीच जेवतो. पुरे कोणाला म्हणू?

बाबांचा गुडघा कसा आहे?

आलो की वाढ. मी पुरे म्हणेन, तू ऐकू नकोस.

तुझा धाकटा