देवघराशेजारचा हिरवा दिवा

चऱ्होली,
मंगळवार

प्रिय तेजल,

भिंतीपलीकडच्या जावेला कुणी पत्र लिहितं का, म्हणून तू हसशील. हस बाई, तुझं हसणं ऐकून फार दिवस झाले. तुझ्या कुकरच्या शिट्ट्या मला इकडे ऐकू येतात, माझा खोकला तुला तिकडे ऐकू जात असणार. पण वाटणीत दोघा भावांचं फाटलं आणि त्यांच्यामागोमाग आपणही तोंडाला कुलूप लावून बसलो. आता नुसत्या हाकेनं ते उघडेल असं मला वाटेना, म्हणून लिहायला घेतलं. वर्षाली माहेरपणाला आलीय, तीच हे तुझ्या हातात आणून देईल. तिच्यावर राग काढू नकोस, ती बिचारी मध्येच सापडलीय.

आम्ही गुरुवारी पुनावळ्याला राहायला जातोय. ह्यांनी, तुझ्या दादांनी, तिथं फ्लॅट घेतला हे तुला कळलंच असेल, आपल्या गावात काय लपतंय! चौथा मजला, खाली हायवे, आणि स्वयंपाकघर एवढंसं की मी वळले तर ओट्याची कड पोटाला लागते. पण वर्षालीचं सासर जवळ पडतं, म्हणून मी हो म्हटलं. परवा सगळं आवरून झाल्यावर शेवटी देवघराला हात लावला, आणि देवांच्या शेजारचं ते इंटरनेटचं खोकं समोर आलं. ते बघून तिथंच बसले.

तुला आठवतं ना ते तिथं कसं गेलं? तू या घरात आलीस ती कॉम्प्युटर घेऊन. चाकणच्या कंपनीची ड्रॉइंग्ज घरात बसून करणारी सून, आळीतल्या बायका बघायला यायच्या! वर्षालीलाही कॉलेजसाठी कॉम्प्युटर घेतलेला, पण इंटरनेट एकच, पुढच्या खोलीत. केबलवाला म्हणाला, मागच्या खोलीत वायर न्यायची तर देवघराच्या भिंतीला भोक पाडावं लागेल. झालं! सासूबाई छिन्नीसमोर उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, आधी मला फोडा, मग भिंत फोडा. तेव्हा तू हसत हसत ते खोकं देवांच्या शेजारी उंच फळीवर ठेवलंस आणि म्हणालीस, आई, भोक नको आणि वायरही नको, इथून दोन्ही कॉम्प्युटरना हवेतून मिळेल. सासूबाईंनी किती दिवस त्या खोक्यालाही हळदीकुंकू वाहिलं! हवेतून येतं म्हणजे देवाचंच असणार, असा त्यांचा हिशेब.

आणि पासवर्ड काय ठेवलास तर सासूबाईंचं नाव, कुशाबाई. सासूचं नाव घेतल्याशिवाय आत प्रवेश नाही, म्हणालीस. मी पदर तोंडाला लावून हसले होते, आणि सासूबाई विचारत होत्या, काय गं, काय झालं दोघींना? मला माऊस धरायला तूच शिकवलंस. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी मी कॉम्प्युटरवर घ्यायला लागले ती तुझ्यामुळे. मला धाकटी बहीण नव्हती गं तेजल. तू आलीस तेव्हा ती उणीव भरून निघाली, पण हे तुला कधी बोलून दाखवलं नाही. म्हटलं, कळतंच की.

सासूबाई गेल्या आणि वाटणी आली. पंच बसले. बोअरच्या पाण्याची पाळी वाटली, गोठा वाटला, लग्नाकार्याची मोठी पातेलीसुद्धा वाटली. देवघराच्या मधून भिंत नेता येईना म्हणून देव आमच्याकडे आले, आणि देवांबरोबर ते खोकंही. त्याचा हिशेब एकाही पंचाच्या डोक्यात आला नाही. दिसत नाही ते कोण वाटणार? भिंत उभी राहिली त्या संध्याकाळी तुझे दादा मला म्हणाले, त्यांचं नेट बंद कर. मी म्हटलं, केलं. आणि केलं नाही. लग्नानंतर ह्यांच्याशी खोटं बोलले ती पहिली वेळ, पण मला त्याचं काही वाटलं नाही. उलट बरं वाटलं.

त्यानंतर माझा एक छंदच झाला. दुपारी माझा कॉम्प्युटर बंद असायचा, वर्षाली ऑफिसात, आणि मी मिरच्या निवडत नाहीतर लसूण सोलत देवघरासमोर बसायची. खोक्यावरचा तो बारका हिरवा दिवा लुकलुकला की मी मनात म्हणायची, बसली वाटतं माझी तेजल कामाला. दिवा जास्त लुकलुकला की म्हणायची, आज काम फार दिसतंय, जेवली असेल का ही? अंगणात तू समोरून गेलीस तर मान खाली घालायची, आणि आत येऊन दिव्याशी बोलायची. वेडेपणाच तो. पण मला वाटायचं, बोलणं बंद असलं तरी आपलं चालू आहे. तिला ठाऊक आहे की ताईनं नेट तोडलं नाही, मला ठाऊक आहे की ती अजून माझंच वापरते. एवढ्यावर मी निभावलं.

मग गौरी-गणपतीत ते खोकं जळालं. माझाच हट्ट, त्याच बोर्डात दिव्यांच्या दोन माळा आणि वर गौरींच्या मखराचा फोकस. एकदम फाट् झालं आणि धूर. केबलवाल्यानं दुसऱ्या दिवशी नवं खोकं बसवलं, आमचा कॉम्प्युटर आणि टीव्ही जोडून दिला आणि गेला. दिवा पुन्हा लुकलुकायला लागला. मी देवाला हात जोडले, म्हटलं, तेजलचं काम अडलं नाही. अगं, वायर तीच, घर तेच, फळी तीच. मला काय माहीत की नव्या खोक्याचा पासवर्डही नवा असतो, आणि तो तुझ्या कॉम्प्युटरला कुणीतरी जाऊन सांगावा लागतो!

परवा वर्षालीनं कनेक्शन हलवायचं म्हणून कॉम्प्युटर उघडला. सहज म्हणाली, आई, यावर आपल्याशिवाय कुणीच नाही. मी म्हटलं, काकू आहे की. ती म्हणाली, काकूचं तर खोकं बदललं तेव्हाच बंद झालं असणार. मी विचारलं, मग हा दिवा? म्हणाली, तो आपल्या टीव्हीमुळे लुकलुकतो गं, पप्पा सारखा लावून बसतात ना. तेजल, माझ्या हातातली समई खाली पडली. मग वर्षालीनंच दिघीला तुझ्या भावाच्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, गौरी उठल्यापासून आत्या रोज आमच्याकडे येऊन काम करते, जावेनं नेट तोडलं म्हणते. दुसरं कनेक्शन घ्यायचं तर वायर पुढच्या अंगणावरून आणावी लागते, आणि भावाकडे ती परवानगी सुजितकाका मागणार नाही म्हणतात.

म्हणजे तू सकाळी बॅग अडकवून स्कूटरवर निघायचीस ती ऑफिसला नव्हे. आणि मी खिडकीतून बघून म्हणायची, चला, मोठ्या ऑफिसात लागली वाटतं, आता कशाला आमची गरज! आणि दिवा लुकलुकला की म्हणायची, कॉम्प्युटर चालूच टाकून गेली असेल. खडीच्या डंपरमागं त्याच दिघीच्या रस्त्यावर तुझी स्कूटर घसरली. तुझा हात गळ्यात बांधलेला मी अंगणातून बघितला आणि आत आले. साधं खिमट करून पाठवलं नाही. दिवा लुकलुकतोय म्हणजे एका हातानं का होईना काम करतेय, बरी आहे, असं म्हणून मी माझ्या कामाला लागले. आग लागो त्या दिव्याला.

आणि वर्षालीचं लग्न. घरच्या सवाष्णीला अक्षत द्यायला मोठ्या जावेनं स्वतः जायचं असतं, हे काय मला कुणी शिकवायला हवं? पण ह्यांनी पत्रिका भैरू गड्याच्या हाती धाडली आणि मी गप्प राहिले. म्हटलं, नेट चालू ठेवलंय, त्यातच तिला माझं मन कळेल. तू आली नाहीस. बोहल्यावर चढताना वर्षाली मागं वळून वळून बघत होती, काकू आली का. तेव्हा मी भरल्या स्वयंपाकघरात, दहा बायकांपुढं काय काय बोलले ते तुझ्यापर्यंत आलंच असेल. माझं खाऊन मलाच डोळे दाखवते, असंही म्हणाले. ते शब्द परत गिळता आले असते तर आज उपाशी राहून गिळले असते. मी देत होते ते तुला मिळतच नव्हतं, आणि उपकार मात्र मी रोज मोजत होते.

ह्यांना मी काल सगळं सांगितलं. नेट तोडलं नव्हतं इथपासून. म्हटलं, आता ओरडायचं तर ओरडा. त्यांनी टीव्ही बंद केला आणि म्हणाले, तिचंच हाय ते, तिला दे. बस, एवढंच. त्यामुळे खोकं आम्ही नेत नाही. केबलवाल्याला ह्यांनीच सांगितलंय, कनेक्शन तुझ्या नावावर होईल, आणि आपल्या अंगणावरून वायर तुझ्या खोलीत जाईल, बिनदिक्कत. वर्षालीनं त्यात जुनंच नाव आणि सासूबाईंचाच पासवर्ड घातलाय. ती म्हणते, काकूला काही करावं लागणार नाही, तिचा कॉम्प्युटर आपोआप ओळखेल.

पण तेजल, हे पत्र इंटरनेटसाठी लिहिलेलं नाही. तू या घरात आलीस तेव्हा माप ओलांडायच्या आधी तुझ्या कपाळाला कुंकू मी लावलं होतं. आता मी हा उंबरा सोडून चाललेय, आणि मला कुंकू लावायला घरातलं कुणी नाही. सासूबाई असत्या तर तुलाच हाक मारली असती त्यांनी. गुरुवारी टेम्पो सकाळीच येईल. कुंकवाचा करंडा मी सामानात भरलेला नाही, देवांच्या फळीवर बाहेरच ठेवलाय. त्याच्या शेजारी तो हिरवा दिवा आत्ताही लुकलुकतोय आणि टीव्ही बंद आहे. तू असशील, नसशील. त्या दिव्यावर माझा आता भरवसा नाही. तू दार वाजव.

वाट बघणारी, तुझीच
सुमनताई